कुणाच्या अंगी लागतं

३ जून, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. आजारातून उठलेल्या, पण घरी जाण्याइतकी ताकद नसलेल्या माणसांसाठी ही दुमजली इमारत आहे. माणसं तीन-चार महिने राहतात. औषधं नावापुरती, खरं काम जेवणाचं, म्हणजे आम्हा आहारतज्ज्ञांचं. प्रत्येक मजल्यावर चौदा खाटा. दुसरा मजला माझा. पहिला ताईंचा; त्या नऊ वर्षांपासून इथे आहेत आणि त्यांना सगळे ताईच म्हणतात. खाली स्वयंपाकघर, तिथे मामांचं राज्य. मला मागच्या बाजूला खोली मिळाली आहे, खिडकीत लिहायचं टेबल बसतं. आईचा फोन आला. जेवलीस का, हे आधी विचारलं. मग म्हणाली की एकाहत्तर किलोची बाई लोकांना आहार शिकवणार म्हणजे कमालच. हसत म्हणाली, पण म्हणाली.

८ जून, शनिवार
शनिवारी वजनं होतात. माझ्या चौदा जणांचं मिळून तीनशे ग्रॅम वाढलं. ताईंच्या चौदा जणांचं दोन किलो. पहिलाच आठवडा आहे, असं मामांनी समजावलं. मी कुठे काही म्हणाले होते? चेहऱ्यावर दिसलं असावं. ताई काट्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

१४ जून, शुक्रवार
माझं कुठेच चुकत नाहीये. दर किलो वजनामागे सव्वा ग्रॅम प्रथिनं, सकाळी अंडं, दुपारी मसूर, रात्री दूध. पालकावर लिंबू पिळायला लावते. जेवणावरचा चहा बंद केला, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. त्यावरून अर्धा मजला माझ्यावर रुसला आहे. मामांना विचारलं की पहिल्या मजल्यावर वेगळं काय जातं. ते म्हणाले, एकाच पातेल्यातून दोन्ही गाड्या भरतो, हवं तर येऊन बघा. मी गेले आणि बघितलं. एकच पातेलं.

माझे शिंपीकाका (निवृत्त शिंपी आहेत, पोटाच्या ऑपरेशननंतर आलेत) आज हळूच म्हणाले की खाली खाट रिकामी झाली तर बघा. त्यांना माझा राग नाही म्हणे. फक्त खालचं जेवण अंगाला लागतं.

२० जून, गुरुवार
ताईंचं जेवण वाढणं पाहिलं. वाढणं कसलं! त्या प्रत्येकाच्या खाटेसमोर स्टुलावर बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत बघतात. भरवत नाहीत, हातही लावत नाहीत. मग पुढची खाट.

नंतर खाली येऊन जेवल्या. सहा अंडी, ताटभर भात दोनदा, वाडगाभर दही, तीन केळी. आणि बाई अशी की मनगटाला माझी दोन बोटं पुरावीत. मी समोर काकडी आणि ताक घेऊन बसले होते. आयुष्यभर मोजून खाल्लं, तरी माझं पोट पुढेच. पोटात दुखलं, आणि ते काकडीने नव्हे.

२९ जून, शनिवार
माझे अडीचशे ग्रॅम, त्यांचे दोन किलो. शिंपीकाकांना पहिल्या मजल्यावर हलवलं. मोठ्या डॉक्टरीणबाई बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या की ताईंच्या हाताखाली थोडं शिकून घ्या. मी हसून मान डोलावली. खोलीवर येऊन उशी बदडली. शाळेतली मुलगी असल्यासारखी.

५ जुलै, शुक्रवार
तक्रार लिहिली. ताई रोज चार माणसांचं जेवण एकट्या खातात, ते रुग्णांच्या वाट्याचं आहे, मामा नजरेआड करतात. एकही शब्द खोटा नाही. शेवटी लिहिलं की पहिला मजला मला हवा आहे. हे वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

११ जुलै, गुरुवार
ताईंना जायला सांगितलं. वाटलं होतं रडतील, नाहीतर शिव्या घालतील. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं की पहिला मजला मला खरंच हवा आहे का. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं, जरा फणकाऱ्यानेच. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, चक्कर येते आहे. म्हणाल्या, आता पोटभर खात जा, काकडीवर राहू नकोस. दुपारी त्या अर्धा पाव खाऊन पोट भरलं म्हणाल्या. मामा बघतच राहिले.

२० जुलै, शनिवार
दोन किलो! माझ्या हाताखाली, पहिल्या मजल्यावर, दोन किलो. मीही त्यांच्यासारखी स्टुलावर बसते. न बसले तर सगळे वाट बघत राहतात. आणि माझं वजन एकोणसत्तर. काही न करता. आईला लगेच कळवलं.

१७ ऑगस्ट, शनिवार
एकसष्ट. कॉलेजातला निळा ड्रेस अंगात जातो. डॉक्टरीणबाईंनी गुपित विचारलं. शिंपीकाकांनी गाल धरले आहेत. आज ते मला ताई म्हणाले, मग सगळेच म्हणायला लागले. हे ऐकायला मी इथे आले होते, असं वाटलं.

भूक मात्र फार लागते. काकडी सोडून दिली.

१४ सप्टेंबर, शनिवार
त्रेपन्न. आता ड्रेस खांद्यावरून घसरतो. रोज आठ अंडी, लोणी, दूध, मामा वाढतात ते सगळं. हिमोग्लोबिन सात. थायरॉइड, साखर, आतडी, सगळं तपासलं, सगळं ठीक. मग कागदावर दोन रकाने मांडले. मजल्याची दर शनिवारची वाढ आणि माझी घट. ग्रॅमपर्यंत सारखे.

माझ्या कोपरापाशी खळी पडायची. आता तिथे हाड आहे. शाळेच्या बाई, खाट क्रमांक नऊ, आल्या तेव्हा नुसता सांगाडा होत्या. आज त्यांनी चमचा उचलला आणि कोपरापाशी खळी पडली. आधी भीती वाटायला हवी होती. आधी हेवा वाटला. माझी खळी आहे ती.

२१ सप्टेंबर, शनिवार
तीन दिवस आजारी असल्याचं सांगून वर गेले नाही. मजल्यावर कुणी जेवलं नाही. नको म्हणाले नाहीत. मामा सांगतात, चमचे तोंडापर्यंत नेऊन धरून बसले होते. चौदाच्या चौदा. ताटं भरलेली परत. शिंपीकाकांना सलाइन लावलं.

आज गेले. स्टुलावर बसले. सगळे जेवले.

५ ऑक्टोबर, शनिवार
सत्तेचाळीस. ताईंच्या घरी गेले. दार उघडणारी बाई मला ओळखूच आली नाही. गोल चेहरा, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. संत्रं सोलत होत्या. सगळं शांतपणे सांगितलं. हे कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. तुझ्याआधी दुसऱ्या मजल्यावर आलेल्या चौघींना खरं सांगून पाहिलं, चौघी पळाल्या. पहिला मजला हवाय, असं समोरच्या माणसाने आपणहून म्हणावं लागतं. माझा चेहरा त्यांनी पहिल्याच शनिवारी काट्यापाशी वाचला होता. मला का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, तू थांबली नसतीस ना.

अर्धं संत्रं माझ्यापुढे केलं. मी त्यांच्या दंडाकडे बघत होते. बारीक होत्या तेव्हा त्या डोळ्यांत खुपायच्या. आता त्याहून जास्त—

२ नोव्हेंबर, शनिवार
एक्केचाळीस. दुसऱ्या मजल्यावर या आठवड्यात नवी मुलगी आली. गुबगुबीत, गालातल्या गालात हसणारी. मुद्दाम तिला माझे आकडे दाखवले. तिचे तीनशे ग्रॅम सगळ्यांसमोर वाचले. डॉक्टरीणबाईंकडून माझं कौतुक करवलं. ती जळली नाही. म्हणाली, ताई, तुमच्या माणसांचं किती छान चाललंय. मनापासून म्हणाली. अशी माणसं कुठून येतात? तिचा डबा साधा, दोन पाव, उकडलेली भाजी, एक फळ. आणि ते तिच्या अंगी लागतं. तिच्या. मी बघत राहते.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सदतीस. जिना चढवत नाही. जेवणाच्या गाडीपाशी पडले. मुलीने उचललं— एकटीने, सहज. किती गरम हात.

१९ नोव्हेंबर
मलाच खाट दिली. पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी. स्टूल खाटेवरून दिसतं. दुपारी चमचे वर— सगळे माझ्याकडे— उठवून बसवलं मला, तेव्हा जेवले.

२० नोव्हेंबर
मुलगी डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. कुणी पाठवलं नव्हतं. म्हणाली, ताईंना विश्रांती मिळू दे, पहिला मजला मला हवा आहे. हवा आहे. हेच शब्द. मला येऊन सांगितलं, डोळ्यांत पाणी. हेव्याने नाही मागितला तिने. माझ्यासाठी मागितला.

सांगायला हवं. उद्या सकाळी, जेवणाच्या आधी—

२१ नोव्हेंबर
सकाळी झोप लागली. आता दुपार. ती स्टुलावर. हात मांडीवर— कुणी शिकवलं नाही तिला. माझ्यासमोर मऊ भात. वही मांडीवर उघडी आहे. तिला वाटतं, मी वजनं लिहिते.

एक घास घेतला. पोटात गेला— आणि राहिला. ऊब. बोटांच्या टोकांपर्यंत.

ती हसते आहे. गाल— केवढे भरलेले. तिला काय कमी आहे? थोडं गेलं तर— नाही. सांगते. सांगणार आहे. तिचं नाव घेऊन हाक मारते आणि सगळं— ती विचारते आहे, ताई, काही हवंय का—

हो— सांगते तिला. आधी हा एक घास—