वरच राहिलेली लिफ्ट

ता. २ जून

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या लेकीच्या, ठमीच्या जिभेच्या मुळाशी गाठ, घास अडकतो, डॉक्टर काढू म्हणतात, आणि तू मला विचारतेस काय करू! अगं, घास अडकतो तर अडकवणारं काढायचं. त्यात पन्नास जणांना काय विचारायचं? मी चौथी पास, पण चाळीस वर्षं लिफ्टी दुरुस्त करतोय. नको ते कापलं की चालते. सही कर नि मोकळी हो.
मामी म्हणते, मला सगळं कळतं असं फक्त मलाच वाटतं. म्हणू दे.
माया आहेच, धीर धर.
तुझा मामा

ता. ११ जून

ती. मामांस,
शि. सा. न. तुमच्या शब्दावर सही केली. काल ठमीला दाखल केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला नि म्हणाल्या, आधी सोनोग्राफी. मामा, गळ्यात थायरॉइडच नाही! ती गाठ हीच तिची थायरॉइड. बाळ पोटात महिनाभराचं असतं तेव्हा ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगवते, मग तीनेक आठवड्यांत गळ्यात उतरते. ठमीची निघालीच नाही. एकुलती एक. न कळता कापली असती तर पोरीची वाढच खुंटली असती. आता गोळी दिलीय, गाठ आक्रसेल म्हणतात.
ठमी विचारते, मामाआजोबा येऊन ती खाली आणतील का?
राग ओसरला की नेहमीसारखीच,
तुमची भाची

ता. १५ जून

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. मामीने चहाबरोबर माझा चष्मा पुसून पुढे ठेवला. ते जास्त लागलं.
वर्कशॉपात माझ्याच हातची पाटी आहे: वायर कापण्याआधी बघा, तिच्यावर काय चालतं. एकदा फालतू समजून एक वायर कापली नि आठ मजल्यांची माणसं अंधारात जिना चढली, तेव्हा रंगवलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावतो. स्वतः तेवढी वाचली नाही. चौथीत पास झालो तेही मास्तर कंटाळले म्हणूनच.
पाटी घरी आणून दाढीच्या आरशाखाली ठोकलीय. डॉक्टरीणबाईंना माझा दंडवत सांग.
आणि ठमीला सांग, मी येईन, पण खाली आणणार नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबली तरी दिवा लागतोय ना? मग मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही. ह्या मामाला तर नाहीच.
लोभ ठेव, सल्ला मागू नको.
तुझा शहाणा मामा