अनुपच्या रायफलीची दुर्बीण

लीड्स

ती. अक्का,
तुझ्या पायांवर डोकं टेकते. गुडघा कसा आहे? तेल लावून घेतेस ना?

आम्ही खुशाल आहोत. अनुपच्या भुवईवरची जखम भरली. कशी झाली ते तुला सांगितलं नव्हतं. तो हल्ली स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जातो. मोठ्या रायफलीचा धक्का बसून तिच्यावरची दुर्बीण कपाळावर आदळली.

"डोळा गेला असता, सोड हे," म्हटलं, तर म्हणाला, "आई, मी जाणारच. एवढं वाचतेस, तर तूच निवड दुर्बीण!" मग मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. डोळा चार बोटं लांब ठेवूनही नीट दिसेल अशी निवडली.

शनिवारी फोन आला. "आई, एका गोळीत पडलं! तुझी दुर्बीण एक नंबर." त्याचा डोळा शाबूत आहे म्हणून मला आधी आनंदच झाला गं. मग फोन ठेवून डोक्यावरून अंघोळ केली.

पुढच्या आठवड्यात ह्यांचं श्राद्ध. हे तर मुंगीलाही वाट देत. तो स्वयंपाक मी या हातांनी करू का? माझं मन राखायला लिहू नकोस, तुला वाटतं तेच लिही.

तुझी धाकटी,
सुप्रभा