चौथ्या मजल्यावरची वस्ती

चि. जावईबापू यांस,

मामेसासऱ्याचे मनापासून आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे सात मजले चढून-उतरून माणूस जेवढा खुशाल राहतो तेवढे आहोत. तुमची पाठ कशी आहे? लग्नात मी शिवलेला कोट पोटावर बसत नसला तर भाचीकरवी पाठवून द्या, शिवणीत दोन इंच सोडून ठेवलेत. (मला तेव्हाच अंदाज आला होता.)

आमची जुनी गल्ली पाडून आम्हाला या आठमजली इमारतीत आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही त्याच गृहनिर्माण खात्यात लिफ्टचे साहेब. पण आधीची सभा तुम्ही पाहिली नाहीत. नियोजन अधिकारी पुठ्ठ्याची वसाहत घेऊन आले होते. तिच्यात काडीएवढी माणसं जोडीजोडीने फिरत होती आणि एकाच्याही हातात पिशवी नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. राहायला आल्यावर कळलं की दुकानं ‘व्यापार संकुला’त, आणि ते अजून कागदावर. गप्पा मारायच्या त्या ‘संवाद चौका’त, तिथे आठ सिमेंटचे बाक भर उन्हात, कारण झाडं तिसऱ्या टप्प्यात मंजूर आहेत. त्या बाकांवर आजवर एकच माणूस बसला, तो बाक मोजायला आलेला. घरं सोडतीने वाटली, त्यामुळे तीस वर्षं भिंतीला भिंत लावून भांडलेले शेजारी कुठल्या कुठल्या मजल्यांवर जाऊन पडले. तुमच्या मामेसासूबाईंनी तर पहिले दोन महिने कोणाशी वादच घातला नाही. मी घाबरलोच.

त्यात पंधराव्या दिवशी लिफ्ट बंद पडली. मी सातव्या मजल्यावर. गिऱ्हाइकं धापा टाकत यायची, छाती भात्यासारखी फुललेली, आणि मी शहाणा तशीच मापं घ्यायचो. महिन्याभरात सोळा सदरे आणि अकरा ब्लाउज इतके ढगळ निघाले की अख्खी इमारत नुकतीच आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. शेवटी मी हात टेकले, मशीन उचललं आणि चौथ्या मजल्यावर, जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत मांडलं. शेजारी एक बाकडं टाकलं. आधी दहा मिनिटं बसायचं, श्वास खाली बसला की मगच माप.

आता दहा मिनिटं गप्प बसणं कोणाला जमतं? हळूहळू सगळेच थांबायला लागले. भाजीवालीने चौथ्याच्या वर चढायला साफ नकार दिला आणि टोपली तिथेच ठेवली. न्हावी खुर्ची घेऊन आला. निवृत्त पोस्टमन मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात (मधूनच पदरचं घालतात). तुमच्या मामेसासूबाईंचं जुन्या शेजारणीशी पुन्हा कडाक्याचं भांडण झालं. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

गेल्या आठवड्यात तेच नियोजन अधिकारी पाहणीला आले. चौथ्यावर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आला. बाकड्यावर बसले, पाणी प्याले, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून घेतलं, पोस्टमनांशी तासभर वाद घातला आणि खूश होऊन गेले. अहवालात लिहिलं की संवाद चौकामुळे वस्ती नांदती झाली आहे, सबब बक्षीस म्हणून लिफ्ट तातडीने दुरुस्त करावी.

बाकी ठीक. भाचीला आशीर्वाद. पाठीला शेक देत जा.

तुमचा,
मामेसासरा

ता. क. ती फाइल तुमच्याच टेबलावर येणार आहे. लिफ्ट सुरू झाली की चौथ्यावर कोण थांबणार? माझं दुकान तर उठेलच, पण सगळे पुन्हा दारं लावून बसतील. तुम्हाला वेगळं काही करायचं नाही, जावईबापू, फक्त काहीच करायचं नाही. खात्यात कोणाला नवल वाटायचं नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी आठव्या मजल्यावरच्या बाईंचं पोलकं द्यायला गेलो. शाळेत शिकवायच्या, आता गुडघे गेलेत. लिफ्ट बंद पडल्यापासून, म्हणजे सात महिने, त्या खाली उतरलेल्या नाहीत. जिन्याच्या कठड्याशी खुर्ची टाकून आमचा गलका ऐकत बसतात. म्हणाल्या, “लिफ्ट सुरू झाली की पहिली मी येणार हो. बाकड्यावर कडेची जागा माझी.” मला मान वर करवेना. फार लाज वाटली. तेव्हा वरचा ता. क. वाचलाच नाही असं समजा आणि लिफ्ट लगेच दुरुस्त करा. आधी आठव्या आणि चौथ्या मजल्याची बटणं जोडा. बाकीच्यांची सावकाश होऊ द्या, घाई नाही.