पिंजऱ्याचं दार

धुळे,
रविवार, दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. नर्मदाअक्कास,
प्रेमराजचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. दिपमालाचा गुडघा आता दुखत नाही. तू पाठवलेल्या बिबड्या पोचल्या. पोरांनी भाजायचीही वाट पाहिली नाही, कच्च्याच खाल्ल्या. रूपाचे बारावीचे पेपर कसे चाललेत? भाऊजींच्या हाताची बोटं थोडी तरी वळतात का?

हे पत्र रूपाकडून वाचून घेऊ नकोस. तू सातवी शिकलेली आहेस, अक्षरही मी मोठं काढलंय. आधी तू एकटीने वाच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्यांदा "जेवलास का" विचारतेस आणि पुढचं काही माझ्या तोंडून निघत नाही. परवा तू विचारलंस, ऑफिस कसं चाललंय. मी म्हटलं, कामाचा ढीग पडलाय. अक्का, मी तेव्हा घरीच होतो. बारा दिवस झाले, घरीच आहे. मला निलंबित केलंय. ते बरोबरच केलंय, आणि का केलं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी तुमच्या ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. जंगलात राबणाऱ्या माणसाला काय काय लागतं, ते भाऊजी सांगत होते आणि मी लिहीत होतो. तेव्हा आमच्या वनखात्याच्या माणसांकडे काठी आणि पदरच्या पैशाने घेतलेली बॅटरी, एवढंच होतं. पिंजरा एकच, तोही दोन तालुक्यांत फिरायचा. वीस-बावीस वर्षं रोजंदारीवर वनमजुरी केलेला माणूस सांगत होता, म्हणून यादी पक्की झाली. पिंजरे, जाळ्या, जाड हातमोजे, बिबट्याला बेशुद्ध करायची बंदूक. त्यावरून मी प्रस्ताव केला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा निधी मंजूर झाला. साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझं नाव घेतलं. मी पेढे घेऊन आलो, ते भाऊजींनी गल्लीत वाटले.

सामान आलं ते मागच्या मार्चचे तीन दिवस उरले असताना. एकतीस तारखेच्या आत बिल निघालं नाही तर निधी परत जातो. सामान तपासून "सुस्थितीत मिळाले" असा दाखला देणं माझं काम. पाच पिंजरे आवारात उतरवले. मी एकाचं दार वर उचलून सोडलं, ते मध्येच अडकलं. पुन्हा सोडलं तेव्हा पडलं, पण खालची कडी खाचेत पुरती गेली नाही. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, रंग नवीन आहे, वापरून सैल होईल. मला ते पटलं नव्हतं. पण परत पाठवले असते तर दोन-अडीच वर्षांची धडपड वाया गेली असती. आणि खरं सांगायचं तर माझं झालेलं कौतुकही गेलं असतं. बाकीचे चार मी हात लावूनही पाहिले नाहीत. सही करून टाकली.

त्यात मी पैसा खाल्ला नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी कितीतरी महिने स्वतःला सरळ माणूस समजत होतो.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. नोव्हेंबरात त्यातला एक पिंजरा तुमच्या शिवारात आला, तेव्हा भाऊजींनी मला फोन केला होता. "प्रेमराज, दार नीट बसत नही. अर्धामा अटकी जास." मी म्हटलं, तेल सोडा. ते म्हणाले, सोडून पाहिलं, पिंजरा बदलून दे, एखाद्याच्या जिवावर बेतेल. मी बघतो म्हटलं. बघितलं नाही. बदलून मागायचा तर लेखी द्यावं लागलं असतं, आणि दाखल्यावर सही माझी होती.

डिसेंबरातल्या त्या सकाळी काय झालं, ते तू गावाच्या तोंडून ऐकलंस. मी योगेंद्रकडून ऐकलं. तो वनरक्षक तिथे हजर होता. बिबट्या मक्यात पिंजऱ्यात सापडला होता. पिंजरा ट्रॅक्टरवर चढवताना तिरपा झाला, कडी निसटली आणि दार वर सरकलं. बांधावर बेबाबाई आणि आणखी तीन-चार बाया गवताचे भारे टाकून बघत उभ्या होत्या. भाऊजी बाजूला झाले असते तर त्यांना ओरखडाही आला नसता. त्यांनी उजवा हात घालून दार खाली दाबून धरलं. योगेंद्रने बायांना पळवलं, त्या नाल्यापलीकडे जाईपर्यंत भाऊजींनी दार सोडलं नाही. तेवढ्या वेळात हाताचं जे व्हायचं ते झालं. मग जनावर दार रेटून निघून गेलं.

आणि गाव म्हणतं, गिरधर पिऊन आला होता. ज्याने जन्मात विडी ओढली नाही तो माणूस.

जानेवारीत चौकशी झाली. जबाब टाइप करायला मीच बसलो होतो. हे माझे मेव्हणे आहेत, दुसऱ्या कुणाला बसवा, असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जबाबात काय येतं, ते मला माझ्या डोळ्यांसमोर हवं होतं. चौकशीच्या साहेबांनी भाऊजींना विचारलं, पिंजऱ्यात दोष होता म्हणता, तर आधी कुणाला कळवलं होतं का? भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नही साहेब. कोनलेच नही."

मी ते टाइप केलं, अक्का. माझी बोटं थांबलीसुद्धा नाहीत. पुढे अहवालात आलं की मजुराने कडी नीट लावली नाही, म्हणून अपघात झाला. भाऊजींचं काम बंद झालं. उपचाराचा खर्चही अडकला.

त्या दिवशी बाहेर टपरीवर ते डाव्या हाताने चहा पीत होते. मी जवळ गेलो. मला वाटलं, आता तोडून बोलतील. ते एवढंच म्हणाले, "तुनी बहीणले सांगू नको."

तरीही मी गप्प राहिलो असतो. मी कसा आहे हे मला आता कळलंय. पण या महिन्यात, नऊ तारखेला, मी तुमच्याकडे आलो होतो. तू ओट्यावर शेंगा निवडत होतीस. तू हळू आवाजात विचारलंस, "खरं सांग, यांच्याकडून कडी लावायची राहिली असेल का रे?" मी म्हटलं, होतं असं अक्का, माणूस आहे. आत भाऊजी खाटेवर पडले होते. तुला वाटलं झोपलेत. मी बसलो होतो तिथून मला त्यांचे उघडे डोळे दिसत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

कडी राहिली नव्हती. त्यांनी तिला वरून तारही गुंडाळली होती, योगेंद्रने पाहिलंय. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी लेखी जबाब दिला. सही, फोन, सगळं. साहेब म्हणाले, "प्रेमराज, पोरं शिकताहेत. नीट विचार करून द्या." मी कागद टेबलावर ठेवून बाहेर आलो. बाकीचे चार पिंजरे मागवून तपासले, तेव्हा आणखी दोन पिंजऱ्यांची दारं तशीच निघाली. ते ज्या गावांत लावले होते, तिथे लहान पोरं बघायला जमायची. हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

परवा भाऊजींच्या नावाचा आदेश निघाला. त्यांच्यावरचा ठपका काढलाय, उपचाराचा खर्च मंजूर झालाय. एक मार्चपासून रोपवाटिकेवर काम आहे, एका हाताने जमेल असं. योगेंद्र तो कागद घेऊन येईल. पारावर चार माणसांसमोर मोठ्याने वाच, असं मी त्याला सांगितलंय. माझी चौकशी चालेल, नोकरीचं काय होईल ते होईल. दिपमालाला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पहिलं हेच विचारलं, अक्कांना कळवलंत का?

महाशिवरात्र झाली की गुरुवारी दुपारी मी येतो. नरडाण्याला उतरून चालत येईन. भाऊजींच्या पाया पडायचंय. त्यांनी पाय मागे घेतले तर घेऊ देत, तू मध्ये पडू नकोस. लहानपणापासून माझ्या प्रत्येक चुकीला तू पुढे झालीस, या वेळी होऊ नकोस. मी घरात येऊ नये असं तुला वाटलं, तर तसा निरोप दे. मी योगेंद्रच्या खोलीवर थांबेन. भाऊजींनी बोलावलं तर येईन.

त्यांचा हात गेला त्याची माफी त्यांच्याकडे मागायची. पण बावीस वर्षं ज्याच्यासोबत संसार केलास, त्याच्यावर मी तुला संशय घ्यायला लावला. त्याची माफी कशी मागतात, ते मला येत नाही. आज सकाळपासून चार कागद फाडले, तरी ते वाक्य जमलं नाही.

तू ठेवशील तेवढाच तुझा,
प्रेमराज