साठ ग्रॅमची भाकर

मी, जानराव नत्थुजी उमाळे, वय ६७ वर्षे, धंदा भाजीपाल्याची शेती व विक्री, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नाही की कोणी भरीस घातले म्हणून नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दिवाळीत छातीत कळ आली, चार दिवस अकोल्याच्या दवाखान्यात काढले, तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. वकीलसाहेबांनी एक नमुना दिला आहे. त्यात सगळा संसार अडीच पानांत आटोपतो. माझा आटोपणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

१. माझी माणसे. पत्नी गोदाबाई, दि. ११ डिसेंबर २०२२ रोजी मयत. मुलगा नितेश. मुलगी ललिता, अमरावतीला दिलेली. आणि सून साधना, नितेशची बायको, जी गोदाच्या तेरवीनंतर तेल्हाऱ्याला माहेरी गेली ती आजपर्यंत तिथेच आहे. सोडचिठ्ठी झालेली नाही. ती का गेली ते कलम ५ मध्ये येईल. वकीलसाहेब म्हणाले, असा मजकूर मृत्युपत्रात लिहीत नसतात. मी म्हटले, मग कुठे लिहितात ते सांगा, तिथे लिहितो.

२. वडिलोपार्जित दोन एकर मी जिवंतपणीच वाटणीपत्राने नितेशच्या नावे केले आहेत. नाल्याकाठचे दीड एकर, विहिरीसह, मी स्वतःच्या कमाईतून घेतलेले आहे. तेही नितेशला. विहिरीवरची मोटार तीनदा जळाली ती त्याच्याच हलगर्जीपणामुळे. पुढे तरी त्याने स्टार्टरकडे लक्ष द्यावे.

३. ललिताला गोदाचे लोखंडी कपाट, सगळी भांडी आणि चांदीचे तोडे. ललिता तोंडाची फटकळ आहे, माझ्यावर गेली आहे. तिचे नाव कलम ५ मध्येही येईल. तिने ते वाचून कपाट परत पाठवू नये, ते आईचे आहे.

भाजीची हातगाडी, मोठी छत्री आणि फवारणीचा पंप धर्मपालला द्यायचा विचार होता. बाजारात पंचवीस वर्षे तो माझ्या शेजारी बसला. पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलसाहेबांचे म्हणणे, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. तेव्हा हे तिन्ही नितेशला. धर्मपाल, तुझी छत्री हुकली गड्या.

४. इलेक्ट्रॉनिक काटा, पाच ग्रॅमपासून तीस किलोपर्यंत तोलणारा. हा कोणालाही देत नाही. तो विकू नये, वापरू नये, भंगारातही घालू नये. माझ्या सरणाजवळ न्यावा आणि नितेशने स्वतःच्या हाताने दगडावर आपटून फोडावा. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला वेड लागले. म्हणू द्या, दाखला जोडलेला आहे.

५. आता ते.

गोदाचे दोन्ही गुडघे गेले होते. मेथीच्या वाफ्यात बसली की उठताना कोणीतरी हात द्यावा लागायचा. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले, गुडघे बदलता येतील, पण आधी दहा-बारा किलो वजन उतरवा. वजन चौऱ्याऐंशी. शुगर होती, तिच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी आम्हाला आहाराच्या मॅडमकडे पाठवले, मंजुषा मानकर म्हणून आहेत. मॅडमनी गोदाचे वय, उंची, वजन, दिवसभराचे काम, सगळे विचारले, हिशेब मांडला आणि समजावून सांगितले. या शरीराला रोज सुमारे एकोणीसशे कॅलरी लागतात, त्यातल्या पाचशे कमी करायच्या, म्हणजे चौदाशे. आठवड्याला अर्धा किलो उतरेल. त्याहून घाई नको, बाराशेच्या खाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात जायचे नाही. खाणे कमी झाले की शुगरची गोळीही कमी करावी लागते, म्हणून आठ दिवसांत डॉक्टरांना भेटा, आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडे या. तक्ता लिहून दिला. एवढे सगळे मी मान डोलावून ऐकले. आज दोन वर्षांनी शब्द न् शब्द आठवतो, तेव्हा काय झाले होते कोण जाणे.

तक्त्यावर लिहिले होते, ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम, तांदूळ ३० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, दोन्ही वेळा. स्वच्छ मराठीत. पीठ! पण पीठ कोण खाते? मी ते भाकर असे वाचले. आमच्या धंद्यात माल गिऱ्हाईकाच्या पिशवीत पडताना तोलतात. वाफ्यातून निघाला तेव्हा किती होता, याला कोण विचारतो? पाणी निथळून, माती झाडून, जे हातात जाते ते वजन. तोच कायदा मी गोदाच्या ताटाला लावला. भाजलेली भाकर काट्यावर ठेवायची, साठ ग्रॅम झाले की बाकीची मोडून बाजूला. भात शिजलेला, तीस ग्रॅम. वरण शिजलेले, तीस ग्रॅम. वाटीच्या बुडाशी जेमतेम पिवळे दिसायचे. मॅडमनी मागाहून हिशेब केला, दिवसाला साताठशे कॅलरीसुद्धा पोटात जात नव्हत्या. आणि गोळ्या पहिल्या होत्या तेवढ्याच.

पहिल्या महिन्यात सात किलो उतरले. मॅडमनी दोन सांगितले होते, मी सात करून दाखवले! बाजारात छाती फुगवून सांगत फिरलो. धर्मपाल म्हणाला, "जानरावभाऊ, हे जास्तच झालं बॉ, एकडाव डॉक्टरले दाखवा." मी त्याला हसलो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडणीला आला होता, अकोल्याला जायला सवड कुठली! ना डॉक्टरकडे गेलो ना मॅडमकडे.

गोदा कुरकुर करणारी बाई नव्हती. एकदाच म्हणाली, "अवो, मले भूक लागली म्हणलं तं तुमी काट्याकडं पायता, माह्याकडं नाई पायत." मी म्हटले, "काटा खोटं बोलत नाई." त्या दिवसापासून ती भुकेचे बोललीच नाही. सकाळी अंगाला घाम सुटायचा, हात थरथरायचे. मी म्हणायचो, चरबी जळून राहिली.

हे साधनाला कळले. घरात रोज पीठ मळणारी तीच, तिला नाही तर कोणाला कळणार. ती मला म्हणाली, "मामाजी, हे वजन पिठाचं असन, भाकरीचं नाई. आईचे हात कापून रायले. त्या मॅडमले एक फोन तं करून पाहा." मी काय बोललो? "तू मले काटा शिकवतं काय? चाळीस वर्ष तराजू धरला म्या." आणि वर, यापुढे माझ्या देखत वाढायचे असा हुकूम केला.

१० डिसेंबरच्या सकाळी साधनाने अर्धी भाकर पदराखाली झाकून गोदाला नेऊन दिली. मी पाहिले. गोदाच्या हातातून ती काढून घेतली. हो, मी काढून घेतली, अजून गरम होती. गोदा बिनसाखरेचा चहा आणि गोळी घेऊन पालकाच्या वाफ्यात गेली. नऊच्या सुमारास तिथेच आडवी पडली. ऑटोत घालून अकोल्याला नेले. शुगर फक्त अठ्ठावीस. डॉक्टर म्हणाले, फार वेळ खाली राहिली. ती काही शुद्धीवर आली नाही, दुसऱ्या दिवशी गेली.

तेरवीच्या दिवशी अंगणात, निंबाखाली, सगळे नातेवाईक बसले होते. ललिता अमरावतीहून आलेली, रडून रडून घसा बसलेला. ती साधनावर धावली, "माही माय उपाशी मारली तुमी!" ललिता खरे बोलली, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तेव्हा मी म्हणालो, "घरात सून काय देये, काय नाई, मले काय मालूम? मी वावरात राहो."

एवढेच बोललो. एका वाक्यात सुटलो मी. साधनाने फक्त माझ्याकडे पाहिले. संध्याकाळी तिचा भाऊ तिला घेऊन गेला, नितेशने अडवले नाही. त्यानंतर मी मॅडमकडे गेलो. त्यांची चूक काढायला गेलो होतो, खरे तेच लिहितो. मी कसे तोलायचो ते ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिथून परत येताना ठरवले होते, आज नितेशला सांगायचे. त्या गोष्टीला दोन वर्षे झाली. मी भेकड माणूस आहे, याची नोंद व्हावी.

६. म्हणून बार्शीटाकळीचे राहते घर, जे मी स्वतः बांधले, अंगण व निंबासह, माझी सून साधना नितेश उमाळे हिला एकटीला देत आहे. तिने तिथे राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, कुलूप लावून ठेवावे. नितेशने वा ललिताने हरकत घेऊ नये. नितेशला तिथे राहायचे असेल तर त्याने तिला विचारावे. हे बक्षीस नाही आणि भरपाईही नाही. तिची अब्रू मी घेतली, ती परत करताना हात रिकामे नसावेत, इतकेच.

७. माझ्या तेरवीला वाढताना कोणी हात आखडता घेऊ नये. नको नको म्हणणाऱ्यालाही आणखी एक भाकर वाढावी.

वरील मजकूर मी लिहिला. मोतीबिंदूमुळे मला माझेच अक्षर धड वाचता येत नाही, म्हणून तो माझ्यासमोर व साक्षीदारांसमोर माझा मुलगा नितेश याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

वाचून झाल्यावर जोडलेला मजकूर, साक्षीदारांच्या देखत:

नितेश कलम ५ मध्ये अर्धी भाकर आली तिथे थांबला. मी म्हटले, वाच. त्याने शेवटपर्यंत वाचले, मग कागद खाली ठेवून म्हणाला, "बाबा, साधनानं मले तवाच सांगतलं होतं हे सारं. मी तिले खोटारडी म्हणलं. तुमी बाजूच्या खोलीत होते. तुमाले आयकू आलं होतं ना?"

मी म्हणालो, हो.

त्याने तेल्हाऱ्याला फोन लावला आणि कलम ५ आणि ६ साधनाला वाचून दाखवले. मग तिने फोन मला द्यायला सांगितला. म्हणाली, "मामाजी, मले घर नको. तुमी मेल्यावर हा कागद वाचला तं आईच्या नावानं आणखी एकदा रडतीन सारे, अन् तुमाले कोणी काई म्हणणार नाई. जिथं म्हणलं होतं, तिथंच वापस घ्या. तुमी जिते हाय तवर."

म्हणून हे मृत्युपत्र मी मरायची वाट पाहणार नाही. रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, आमच्या अंगणात, निंबाखाली, तेरवीला जे जे होते त्या सर्वांसमोर ते वाचले जाईल. ललिताला निरोप गेला आहे. अक्षर दिसत नसले तरी वाचणार मीच, मला ते पाठ आहे. साधना येईल की नाही, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कलम ६ तिला नको असले तरी कायम आहे.

ठिकाण: बार्शीटाकळी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: जानराव नत्थुजी उमाळे (सही)

साक्षीदार:
१. धर्मपाल सुखदेव वानखडे, भाजीविक्रेता, बार्शीटाकळी (सही)
२. मंजुषा शेखर मानकर, आहारतज्ज्ञ, अकोला (सही). तक्ता माझ्या हातचा आहे. गोदाबाई पंधरा दिवसांनी आल्या नाहीत, तेव्हा मी फोन करायला हवा होता. तो केला नाही, हेही यात लिहून घ्यावे.