चाकूचा किस्सा

बाबा, शनिवारी आम्हाला शाळेत पिक्चर दाखवला. मुलांना नाही, आम्हाला, शिकवणाऱ्यांना. शाळा सुटल्यावर हॉलचे पडदे ओढले, समोसे वाटले आणि शाळेचे मॅनेजर साहेब माइकवर म्हणाले, "आज कोई मीटिंग नहीं, बस आनंद लीजिए." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. अलीगंजच्या या शाळेत माझे अर्धे केस पांढरे झाले, फुकटचा समोसा इथे कोणी कोणाला देत नाही.

पिक्चर तुम्हाला आवडला असता. शहरातली वाया गेलेली शाळा, भिंतींवर शिव्या, दप्तरांत चाकू. नवा मास्तर येतो, मार खातो, भाषण करतो, आणि शेवटी तीच पोरं त्याच्यासाठी रडतात. या मास्तराला कधी पेपर तपासायचे नसतात, हजेरी घ्यायची नसते, घरी कुकर लावायचा नसतो. आणि सुरुवातीला एक जुना मास्तर डोक्याला पट्टी बांधून गेटबाहेर जातो ना, त्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारतच नाही. मी मात्र सगळा वेळ त्याचाच विचार करत बसले, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत आमची फिजिक्सची मुलगी बसली होती, सुजलेला गाल ओढणीने झाकून.

मुलगी म्हणते, पण आहे टीचरच, नुकती लागलेली. बुधवारी तिने अकरावीतल्या एका मुलाचा मोबाइल काढून घेतला. शाळा सुटल्यावर गाड्यांच्या स्टँडवर त्याने तिच्याच स्कूटीवरचं हेल्मेट उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. मी माझी स्कूटर काढत होते, दहा पावलांवर. मी पाहिलं आणि माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. कॅमेरा म्हणे नेमका बंद होता. बरं, ज्या हॉलमध्ये आम्ही गार हवेत पिक्चर बघत होतो, तिथले एसी त्याच मुलाच्या वडिलांनी दिलेले. आता सांगा, मी संशयी आहे की काय?

दिवे लागल्यावर मॅनेजर साहेब तिच्याकडे बघत म्हणाले, "देखिए, प्यार से सब हो जाता है. थाना-कचहरी से बच्चे नहीं सुधरते." आणि मग माझ्याकडे वळले. त्यांचा थोरला भाऊ तुमच्या कॉलेजात होता, तुमचा किस्सा त्यांना ठाऊक. "मॅडम के पिताजी ने तो असली ज़िंदगी में कर दिखाया था! सोमवार को स्टाफ़ को सुनाइएगा." अस्सा राग आला मला! त्यांचा आलाच, पण खरं सांगू, तुमचाही आला.

कारण तो किस्सा मी वाढताना पाहिलाय. आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आपण लखनौचे झालो, आणि महानगरच्या आपल्या मराठी गणपतीत दरवर्षी आरतीनंतर तुम्ही तो सांगायचात. पहिल्या वर्षी एवढंच होतं, की बारावीतल्या एका मुलाने वर्गात चाकू काढला, मी म्हटलं ठेव, त्याने ठेवला. मग एका वर्षी तुम्ही हात पुढे केलात. पुढे तो मुलगा रडला, पाया पडला. नंतर एकदा कुठलासा पिक्चर बघून आलात आणि त्या वर्षी अख्खा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. लोक म्हणायचे, वा मास्तर! आई मात्र बरोबर चाकू निघाला की उठायची, "गॅस बघून येते" म्हणत. मंडपात कुठला आलाय गॅस?

आणि मी सहावीत होते बाबा, आंधळी नव्हते. त्या दिवशी तुम्ही भर दुपारी रिक्षातून येता, स्कूटर कॉलेजातच. डाव्या हाताला कुणाचा तरी गमछा गुंडाळलेला. आई स्वयंपाकघरात शर्ट बादलीत बुडवते, पाणी लाल होतं, ती ते ओतून देते आणि पुन्हा नळ सोडते. "काच लागली," तुम्ही मला म्हणता. काचेला इतके टाके? संध्याकाळी प्रिन्सिपल साहेब मिठाईचा डबा घेऊन येतात. "मास्टर साहब, बच्चा है, ज़िंदगी ख़राब हो जाएगी. और कॉलेज का नाम..." तुम्ही म्हणता, "जी." आई चहा देते पण सोबत एक बिस्कीट ठेवत नाही. तो डबा तिने आम्हाला उघडूही दिला नाही, तसाच्या तसा कामवालीला देऊन टाकला.

त्यानंतर तुम्ही फळ्याशी बाजूला वळून उभं राहून लिहायला लागलात, तोंड वर्गाकडे आणि हात मागे. मी कॉलेजात डबा द्यायला आले तेव्हा खिडकीतून पाहिलं होतं. ओळी तिरक्या वर चढलेल्या. मला वाटलं, काय ऐट आहे! आता मीही बुधवारपासून तशीच लिहिते, तेव्हा कळलं ती ऐट नव्हती.

रविवारी आईला विचारलं. ती आता माझ्याकडेच असते, वृंदावन योजनेतल्या फ्लॅटवर. मटार सोलत होती. म्हटलं, "आई, तो मुलगा खरंच बाबांच्या पाया पडला होता?"

"पडला असेल."

"असेल म्हणजे?"

"कशाला उकरून काढतेस? त्यांना रात्री झोप लागायची नाही. गोष्ट सांगून लागत होती, तर मी काय म्हणू?"

माझा मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "मम्मा, छोड़ो ना यार, नौकरी का सोचो." त्याचंही चूक नव्हतं. या फ्लॅटचे हप्ते अजून माझ्याच पगारातून जातात.

आज सोमवार. स्टाफरूममध्ये मी उभी राहिले. मॅनेजर साहेब पुढच्या खुर्चीत, हसतमुख. फिजिक्सची मुलगी कोपऱ्यात, मान खाली. चाकू निघेपर्यंत मी किस्सा तुमच्यासारखाच सांगितला, तुमच्यासारखे हातही केले. मग म्हटलं, "चाकू लगा था. टाँके पड़े थे. लड़के ने कोई पैर-वैर नहीं छुए, घर पर मिठाई आई थी." मॅनेजर साहेबांनी मोबाइल काढला. तिने मान वर केली नाहीच. तेव्हा मी म्हटलं, "पापा ने मुझसे कहा था, बेटा, मैं डर गया था. रिपोर्ट लिखवानी चाहिए थी." यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

दुपारी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. तिने तक्रार लिहून दिली, आणि मी जे पाहिलं ते सांगून खाली सही केली. उद्या सकाळी मला ऑफिसात बोलावलंय. कशाला, ते न कळायला मी काही काल लागलेली नाही. तरी आज झोप लागेल असं वाटतंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. स्टाफरूममध्ये सांगितलेलं ते शेवटचं वाक्य तुमचं नाही. ते मी तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही मला तसं कधीच काही म्हणाला नाहीत. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसापर्यंत मी त्याची वाट बघत होते, बाबा.