पौषात रिकामे असणारे घोडे

४ डिसेंबर १९२७, रविवार
निर्णय झाला. आज अ‍ॅप्लिकेशन लिहिले. आमच्या जंगलखात्याचा कॅम्प क्लार्क माळशिरसला बदलून गेला, जागा रिकामी आहे. दर हिवाळ्यात साहेब तंबू, घोडी, स्वयंपाकी घेऊन जंगलात मुक्काम करतात आणि कॅम्प क्लार्क त्यांच्याबरोबर. मी मात्र अकरा वर्षे रेकॉर्ड रूममध्ये. अकरा वर्षे झाडांचे कागद लावतो आहे, झाड पाहिलेले नाही. खिडकी एकच, तीही दप्तरांनी बुजलेली. जीव नुसता तगमगतो. आणखी एक वर्ष काढले तर मलाच दोरी बांधून फडताळात ठेवतील.

अर्जाच्या शेवटी घातले: 'अर्जदारास घोड्याची व जंगलातील मुक्कामाची पूर्ण सवय आहे.' अक्षर सुंदर आले.

नीलम्माला वाचून दाखवले. तिने विचारले, तुमी घोड्यावर कवा बसला हुता? आपल्या लग्नात, असे मी बाणेदारपणे सांगितले. देवळापासून मांडवापर्यंत. ती म्हणाली, तवा दोघांनी धरलं हुतं की. बायकांना नको ते तपशील लक्षात राहतात.

९ डिसेंबर
हेडक्लार्क हिंदुरावांनी बोलावले. २८ तारखेपासून शहराबाहेर दहा मैलांवरच्या सरकारी जंगलात कॅम्प. मला तीन दिवस ट्रायल. जमले तर जागा माझी. घोडा आपला आणायचा. हिंदुराव म्हणाले, ईश्वरप्पा, इचार कर बाबा, पडशील. मत्सर. दुसरे काय?

१० डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. गादीची वळकटी करून तीवर मांड ठोकून अर्धा तास बसणे.

११ डिसेंबर
थंडी फार. उद्यापासून.

१२ डिसेंबर
वळकटीवर बसलो. बसल्या बसल्या झोप लागली, पण पडलो नाही. तोल उपजत आहे.

१८ डिसेंबर, रविवार
घोडा मिळाला! बाळीवेशीतल्या कल्लप्पाचा. पांढराशुभ्र, नाव हौश्या. शेपटीला गुलाबी झाक, खूर लालसर. अरबी रक्त असावे. कल्लप्पा म्हणाला, घोडं लई शानं हाय. जलमात घोडं न बघितलेला माणूस बसवा, पाडणार न्हाय. शेकड्यानं बसवल्यात. म्हणजे शिकवणीचा घोडा! कल्लप्पा आणखी म्हणाला, पौषात त्याला काम नसतंय, घिऊन जावा. पौषातच का, ते विचारायचे राहिले. थंडीमुळे असेल.

घोड्याने माझ्याकडे ओळखीच्या नजरेने पाहिले. घोड्यांना माणूस कळतो.

२७ डिसेंबर, संध्याकाळी
हौश्याला घरी आणले. नीलम्मा त्याला बघून पदर तोंडाला लावून आत पळाली. बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. मग बाहेर येऊन म्हणाली, दुसरा बघा. कारण विचारले तर म्हणाली, हे वरातीचं हाय. आपल्या लग्नात ह्योच हुता.

मी म्हणालो, असेल. म्हणजे त्याच्यावर बसण्याचा मला अनुभव आहे.

२८ डिसेंबर, पहाटे सहा
घोडा दारातून हलेना. नीलम्माने तबक आणून त्याला ओवाळले, तेव्हा निघाला. ती म्हणाली, वाटंत कुणाच्या दारात थांबला तर वढू नगा. कुणालाबी त्येच्या पायावर पानी घालायला सांगा, जातोय. मी हसलो. सरकारी नोकर दारोदार पाणी मागत जाईल काय?

तोच दिवस, रात्री आठ, कॅम्प
दहा मैलांना तेरा तास. वाटेत दोन गावे लागली. हौश्या दोन्ही गावांतल्या प्रत्येक दारासमोर थांबला. ओढला. ढकलला. शेवटी पाणी मागितले. एका म्हातारीने पायावर लोटा ओतून विचारले, नवरी कुटली? वऱ्हाड मागनं येतंय व्हय? मी सरकारी कामावर असल्याचे सांगितले. ती म्हणाली, व्हय व्हय, समदी तसंच लाजत्यात.

साहेब व मडम जेवायला बसलेले होते. उशीर का, असे साहेबांनी विचारले. वाटेतल्या खेड्यांची पाहणी केली, असे मी सांगितले. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. अंधार होता, पण दिसले.

इथे झाडे आहेत. बाभळी, लिंब. वारा येतो. छाती भरून श्वास घेतला. ही जागा मला मिळालीच पाहिजे. परत त्या खोलीत जायचे नाही.

२९ डिसेंबर, सकाळी अकरा
पाठीला ताठा धरला आहे. उभ्यानेच लिहितो आहे.

आज साहेबांची रानडुकराची शिकार. मला नाल्याच्या तोंडाशी घोड्यावर उभे केले. डुक्कर इकडे आला तर आडवा जाऊन वळवायचा, एवढेच काम. हाकाऱ्यांनी पलीकडून हलगी सुरू केली. हलगी कानावर पडताच हौश्या मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि गोल नाचू लागला. पुढचे पाय तालात. मी मानेला मिठी मारून नियंत्रण ठेवले. हलगीवाल्यांनी हे पाहिले आणि शिकारीची हलगी सोडून वरातीची धरली. जातिवंत लोक, त्यांचा तरी काय दोष? डुक्कर समोर आला, आमच्याकडे क्षणभर बघत उभा राहिला आणि निघून गेला. साहेबांची गोळी लिंबाला लागली.

मी तिसऱ्या चकरेला उतरलो. पडलो असे स्वयंपाकी म्हणतो.

२९ डिसेंबर, दुपारी चार
साहेब बोलत नाहीत. अजून दीड दिवस आहे. उद्या अक्षराच्या जोरावर बाजी सावरीन. हौश्याला लांब बांधले आहे. त्याचे तोंडही बघायचे नाही.

३० डिसेंबर, दिवेलागण
हौश्या दावे तोडून साहेबांच्या तंबूसमोर जाऊन उभा राहिला. दार दिसले की थांबायचे, एवढेच त्याला येते. मडम कंदील घेऊन बाहेर आल्या. कंदील पाहताच त्याने पुढचा पाय दुमडला, मान खाली घातली आणि ओवाळणीची वाट बघत राहिला. मडमनी टाळ्या वाजवल्या, त्याला हाताने साखर भरवली, मानेला मिठी मारली. साहेब हसले! दोन दिवसांत प्रथम. मी पुढे होऊन घोडा मीच आणल्याचे नम्रपणे सांगितले. मडमनी माझे आभार मानले. जागा हातात आली म्हणायला हरकत नाही.

३१ डिसेंबर
तंबूच्या खुंट्यांबरोबर बैलगाडीतून परत. हौश्याला साहेबांनी ठेवून घेतले. कल्लप्पाला बोलावणे गेले आहे. माझ्याबद्दल हिंदुरावांना चिठ्ठी जाईल, असे कळले. नीलम्माला सांगितले, बोलावणे कोणत्याही दिवशी येईल. तिने पाठीला तेल चोळून दिले.

९ जानेवारी १९२८
चिठ्ठी आली. हौश्या कॅम्पवर कायम, मडमच्या बसण्यासाठी. कल्लप्पा त्याची निगा राखणारा मोतद्दार, सरकारी नोकर. कॅम्प क्लार्क माळशिरसहून परत येणार. मी आहे तिथेच.

हिंदुरावांनी घोड्याची नवी फाइल उघडायला सांगितली. नाव, रंग, उंची, वय. शेवटी रकाना: विशेष पात्रता. तिथे काय घालू, असे विचारले. हिंदुराव म्हणाले, साएब म्हनत्यात, तुझ्या अर्जातलंच वाक्य घाल, चांगलं हाय.

'अर्जदारास' आणि 'घोड्याची व' काढून घातले: 'सदर घोड्यास जंगलातील मुक्कामाची पूर्ण सवय आहे.'

फाइलला दोरी बांधली. फडताळात जागा नव्हती म्हणून खिडकीत ठेवली. खिडकी आता वरपर्यंत बुजली. अंधारात पुन्हा एकदा दोरी सोडून पाहिले. अक्षर सुंदर आले आहे.